आंबेगाव कुठे आहे?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या मोहल्ल्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे येऊ लागतात. खाला, फूफी, त्यांची मुले, घर भरून जाते. दोन दिवस आंबे आणि गप्पांमध्ये निघतात. तिसऱ्या दिवशी मुले विचारतात, "आता आम्हाला कुठे नेणार?" या प्रश्नाला जुन्नर-आंबेगावच्या बहुतेक घरांत हल्ली एकच उत्तर असते: धरणावर.

उत्तर चुकीचे नाही. आमच्या भागात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. शिवनेरी आहे, लेण्या आहेत, नाणेघाट आहे, माळशेज आहे. २०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले, ते उगाच नाही. पण मे महिन्याच्या उन्हात वृद्ध अम्मी आणि कडेवरचे मूल घेऊन गड चढवत नाही. धरणावर मात्र गाडी काठापर्यंत जाते, वारा असतो, झाडाखाली दस्तरखान पसरता येतो आणि समोर डोळ्यांना थंडावा देणारे पाणी असते. म्हणून आम्ही जातो, तुम्हीही जात असाल. जावेच. फक्त हे पाणी कुठून आले, त्याखाली काय आहे आणि ते कुठे जाते, एवढे माहीत करून जावे, म्हणून हा लेख.

पाच धरणांचा मुलूख

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कड्यापासून सुरू होतात आणि पूर्वेला पठाराकडे उतरतात. पश्चिमेला पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही. तिथे भातखाचरे आहेत, हिरड्याची झाडे आहेत. पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला जा, तिथे पावसाची वाट पाहत बाजरी पेरणारे शेतकरी. ढग डोंगरावर रिकामे होतात आणि पूर्वेला जाईपर्यंत त्यांच्यात फारसे काही उरत नाही. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, हे पाचवी-सहावीच्या भूगोलात आम्ही दरवर्षी शिकवतो.

पश्चिमेचे पाणी अडवून पूर्वेला न्यायचे, या विचारातून कुकडी प्रकल्प उभा राहिला. त्यात पाच धरणे आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पहिली चार जुन्नर तालुक्यात, डिंभे आंबेगाव तालुक्यात. येडगाव १९७७ मध्ये झाले, वडज १९८३ मध्ये, माणिकडोह १९८४ मध्ये आणि डिंभे २००० मध्ये. पाचही धरणांचा उपयुक्त साठा मिळून सुमारे ३० टीएमसी होतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला की मुले शून्ये मोजत बसतात.

प्रत्येक जलाशयाचा चेहरा वेगळा. माणिकडोहच्या पाण्याभोवती हडसर आणि चावंड हे किल्ले उभे आहेत, आणि हे पाणी आणणारी कुकडी वर पूर गावाजवळ, कुकडेश्वराच्या जुन्या देवळापाशी उगम पावते. पिंपळगाव जोगेच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यासाठी लोक माळशेजच्या वाटेवर दुर्बिणी घेऊन थांबतात. येडगाव नारायणगावच्या जवळ, जाण्यायेण्यास सर्वांत सोपे. आणि डिंभे या सगळ्यांत मोठे. घोड नदीवरचा हा बांध सुमारे ६७ मीटर उंच आणि ८५२ मीटर लांब आहे. एकट्या डिंभ्यात साडेबारा टीएमसीच्या आसपास उपयुक्त पाणी मावते.

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाणारा रस्ता डिंभ्यावरून जातो. पाणी डोंगरांच्या घड्यांमध्ये इतके आत शिरले आहे की रस्ता कितीतरी वेळ त्याच्या सोबत चालतो. एक वळण घेतले की पाणी दिसेनासे होते, दुसऱ्या वळणावर पुन्हा समोर येते. सप्टेंबरात काठापर्यंत हिरवे, मे महिन्यात तांबूस मातीचे पट्टे उघडे पडलेले. पाणी उतरत गेले की काठावर पायऱ्यांसारख्या रेघा राहतात, कोणत्या महिन्यात पाणी कुठे होते ते सांगणाऱ्या.

नकाशावरचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात तालुक्यांचा नकाशा शिकवणे चालू होते. जुन्नर तालुक्याचे ठिकाण जुन्नर, खेडचे खेड, शिरूरचे शिरूर, मुले धडाधड सांगत होती. आंबेगावचे? कोणीतरी म्हणाले, आंबेगाव. आम्ही सांगितले, नाही, घोडेगाव. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, मग आंबेगाव कुठे आहे?"

या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. आंबेगाव पाण्याखाली आहे.

ज्या गावाचे नाव सगळ्या तालुक्याला आहे, ते गाव डिंभे धरणात गेले. विधानसभेच्या मतदारसंघाला ते नाव आहे, सातबाऱ्यावर आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे, रस्त्यावरच्या पाटीवर आहे. फक्त जुने गाव नाही. त्याच्यासोबत घोड नदीच्या खोऱ्यातली आणखीही गावे आणि वाड्या गेल्या. काहींची घरे आणि शेते दोन्ही गेली, काहींची घरे वाचली पण नदीकाठची कसदार जमीन गेली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की जुन्या देवळांचे काळे दगड वर येतात आणि मग वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून येतात. लोक ते पाहायला जातात. पावसाळ्यात ते पुन्हा बुडतात.

जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांनी जीव दिला. तालुक्याने आपल्या शूर मुलाचे नाव पाण्याला दिले, हे योग्यच झाले. पण पाण्याखाली ज्यांची घरे गेली त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत.

नानांची वही

आमच्या घरात मात्र त्यांतली काही नावे बरीच वर्षे होती. आमचे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, घोडेगावचे. बांगड्यांचा धंदा. आंबेगावच्या बाजाराला ते नेमाने जायचे, आधी बैलगाडीने आणि नंतर एसटीने. आंबेगाव ही त्या खोऱ्यातल्या आदिवासी वाड्यांची बाजारपेठ होती. डोंगरावरून महादेव कोळी समाजाची माणसे तांदूळ, हिरडा, मध घेऊन उतरायची आणि मीठ, तेल, कापड घेऊन वर जायची. बायका बांगड्या भरायला नानांच्या पालापाशी बसायच्या. लग्नसराईत हिरव्या चुड्याला फार मागणी.

व्यवहार बराचसा उधारीचा असायचा. हिरडा विकला की पैसे, भात निघाला की पैसे. नाना वहीत लिहून ठेवत, मोडीमिश्रित मराठीत, आणि रकमेच्या बाजूला उर्दूत एखादी खूण. वहीत आडनावे फारशी नव्हती. अमक्याची सून, वरच्या वाडीची मोठी आत्या, अशी नोंद. अम्मी सांगते की त्या बायका नानांना "भाई" म्हणायच्या आणि नाना त्यांच्यातल्या वयस्कर बायकांना "आई" म्हणायचे. ईदच्या दुसऱ्या दिवशी नाना शीरखुर्म्याचा डबा बाजारात घेऊन जात आणि पालाशेजारच्या दुकानदारांना देत.

मग धरणाची भिंत चढू लागली. बाजार आधी ओसरला, मग बंद पडला. माणसे पांगली. कोणी खाली पूर्वेला, जिथे जमीन देऊ केली होती तिथे गेले. पुष्कळ जण कुठेच गेले नाहीत, पाणी जसे चढले तसे तेही डोंगरावर वर सरकले आणि काठावर नव्या वाड्या झाल्या. काही बायका घोडेगावला येऊन आपली बाकी देऊन गेल्या. बाकीच्यांच्या नावापुढे नाना काही लिहीत नव्हते. नानीने एकदा विचारले तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, "जिनका घर पानी में गया, उनसे चूड़ियों के पैसे माँगूँ?" अम्मी त्या वेळी तिथेच होती. ती वही पुढे कुठेतरी गेली, घर बदलताना असेल. अम्मीला अजून आठ-दहा नावे तोंडपाठ आहेत.

अम्मीला घेऊन आम्ही डिंभ्यावर जातो, तेव्हा ती पाण्याकडे पाहून दिशा लावायचा प्रयत्न करते. तो डोंगर तिकडे, म्हणजे बाजार इथे, नदीचा उतार तिथे. मुलांना आधी कंटाळा यायचा. आता तीच विचारतात, "दादी, नाना कुठे बसायचे?"

पाणी कुठे गेले

नुसते दुःख सांगून थांबणे बरोबर नाही. या पाण्याने काय केले तेही पाहिले पाहिजे, कारण ते आपल्या रोजच्या ताटात आहे.

डिंभ्याच्या डाव्या कालव्याचे पाणी येडगावला जाते आणि येडगावमधून निघणारा कुकडीचा डावा कालवा जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत पोहोचतो. अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास आहे. ज्या भागात जून कोरडा गेला की लोक गाव सोडून जायचे, तिथे ऊस, द्राक्षे, डाळिंब, भाजीपाला आला. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात देशभरातले व्यापारी उतरतात. आमच्या ओळखीच्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांचा संसार या बाजारावर चालतो. कोणी आडत्याकडे आहे, कोणाचा टेम्पो आहे, कोणी क्रेट दुरुस्त करतो. धरण झाले नसते तर यातले पुष्कळ जण आज मुंबईत मिळेल ते काम करत असते.

उसाबरोबर एक न बोलावलेला पाहुणाही आला. उंच, दाट, बारमाही ओल्या उसात बिबट्या राहू लागला. मादी तिथेच पिले घालते. ती पिले डोंगरातले जंगल न पाहताच वाढतात, त्यांच्यासाठी ऊस हेच जंगल. म्हणूनच माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे आणि म्हणूनच संध्याकाळी आमच्या गावांत मुलांना एकटे सोडत नाहीत. नदी अडवली की फक्त पाणी थांबत नाही, सगळ्या मुलखाची घडी बदलते, हे समजायला याहून चांगले उदाहरण आम्हाला वर्गात सापडलेले नाही.

आणि एक गोष्ट डोळ्यांत भरते. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या अगदी काठावर राहणाऱ्या काही वाड्यांत एप्रिल-मे महिन्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालताना दिसतात. पाणी खाली आहे, वाडी वर आहे. ते वर चढवायला पंप, वीज, पाइप, पैसा लागतो. कालवा उताराने वाहतो, म्हणून पाणी दोन-तीन जिल्ह्यांपलीकडे सहज पोहोचते आणि शंभर मीटर वरच्या वाडीला मिळत नाही. पाण्याच्या वाटपावरून तालुक्यांत आणि जिल्ह्यांत दरवर्षी वाद होतात, डिंभे आणि माणिकडोह जोडणाऱ्या बोगद्यावरूनही वाद आहे. त्या वादांत वरच्या वाड्यांचा आवाज सर्वांत बारीक असतो.

दूरच्या देशांतली अशीच पाणी

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन नावाची खोल दरी होती. भोवती वाळवंट, मधून लाल दगडाच्या कड्यांतून वाहणारी नदी. तिथे २१६ मीटर उंच, म्हणजे डिंभ्याच्या तिपटीहून उंच धरण बांधले आणि १९६३ पासून पाणी साठू लागले. पॉवेल सरोवर नावाचा तो जलाशय भरायला १९८० साल उजाडले, सतरा वर्षे लागली. आज तिथे दरवर्षी लाखो लोक नावा घेऊन जातात, तरंगत्या घरांत सुट्ट्या काढतात. पण बुडालेल्या त्या दरीत हजारो वर्षांच्या वस्तीच्या खुणा होत्या, आणि तिथल्या मूळ रहिवाशांना, नवाहो लोकांना, ज्या जागा पवित्र वाटतात त्याही पाण्याच्या काठी आल्या. अलीकडच्या दुष्काळात पाणी खूप खाली गेले आणि लोकांनी कधी न पाहिलेल्या दऱ्या पुन्हा उघड्या पडल्या. आपल्याकडे देवळांचे दगड वर येतात, तसेच.

आपल्या वाचकांना इजिप्तचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. नाईल नदीवर आस्वानचे मोठे धरण १९६० ते १९७० या काळात झाले. अबू सिंबेलची फॅरोच्या काळातली प्रचंड मंदिरे कापून, दगड दगड उचलून वर नेली, कारण सगळे जग मदतीला धावले. पण तिथली नुबी जमात, जी शतकानुशतके मुसलमान आहे, तिची गावे, मशिदी, खजुराच्या बागा आणि कबरस्ताने तिथेच राहिली. १९६३-६४ मध्ये सुमारे पन्नास हजार नुबी लोकांना नाईलपासून दूर कोम ओम्बोच्या बाजूला नेले. आईबापांच्या कबरी पाण्याखाली सोडून जाणे म्हणजे काय, हे आपल्यातल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. दगडाची मंदिरे उचलता येतात. वस्ती उचलून दुसरीकडे ठेवली की ती तीच वस्ती राहत नाही.

आणि धरणांची गोष्ट तर त्याहूनही जुनी. यमनमधल्या सबा राज्याचे मारिबचे धरण शेकडो वर्षे वाळवंटात बागा फुलवत होते. ते फुटले आणि बागा उजाड झाल्या. कुरआनमध्ये सबा नावाच्या सूरेत त्या पुराचा उल्लेख येतो. नेमत मिळाली की तिचा शुक्र करावा, तिला आपला हक्क समजून गाफील राहू नये, असा त्याचा अर्थ आम्हाला लहानपणी मदरशात सांगितला होता. मोठ्या धरणाकडे पाहताना तो आठवतो.

आपल्या जुन्नरलाही पाणी साठवण्याची मोठी परंपरा आहे. नाणेघाटातल्या दगडात कोरलेल्या टाक्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या वाटसरूंची तहान भागवत. शिवनेरीवर कमानी मशिदीजवळ खडकात खोदलेले टाके आहे, दोन मिनार जोडणारी कमान आणि जवळच वुजूचे पाणी. याच जुन्नरात १४९० साली मलिक अहमदने निजामशाही स्थापन केली. पुढे मलिक अंबरने काही काळ इथून कारभार पाहिला, आणि त्याच मलिक अंबरने खडकी, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, जमिनीखालून नहर आणली. टाकी आणि नहर यांत पाणी थोडे मावते, हे खरे. तीस टीएमसीची गरज टाक्यांनी भागणार नाही, हेही खरे. म्हणून धरण नको असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की टाक्यासाठी कुणाला घर सोडावे लागले नाही, धरणासाठी लागले, आणि त्याची जाण ठेवणे हे पाणी पिणाऱ्याचे काम आहे.

जे राहिले त्यांनी काय केले

काठावर राहिलेल्या लोकांनी हातपाय गाळले नाहीत. शाश्वत या संस्थेने, कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या पुढाकाराने, डिंभे परिसरात आदिवासींबरोबर अनेक वर्षे काम केले. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेण्याचा हक्क मिळवणे, डोंगरउतारावर पडकई करून म्हणजे एकमेकांच्या मदतीने बांध घालून नवी भातखाचरे तयार करणे, आणि ज्या पाण्याने घर घेतले त्याच पाण्यात मासेमारी करणे, अशी ती वाट होती. शेती करणारा समाज जाळे विणायला शिकला, नाव वल्हवायला शिकला आणि मासेमारीची सहकारी संस्था उभी राहिली. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

याच खोऱ्यात वर माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. म्हणजे या डोंगरांनी पाणीही पाहिले आणि मातीही पाहिली. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाने गाडीतले गाणे थोडा वेळ बंद करावे.

पाहुण्यासारखे जावे

आपल्या घरांत मेहमानाचे काही अदब ठरलेले असतात. कुणाच्या घरी गेलो तर आधी सलाम करतो, जागा बघून बसतो, यजमानाची चादर खराब करत नाही, निघताना दुआ देतो. धरणावर जाताना आपण कुणाच्या तरी घरी जात आहोत, एवढे लक्षात ठेवले की बाकीचे आपोआप सुचते. तरीही दोन-चार गोष्टी आम्ही आमच्या शाळेतल्या पालकांना सांगतो, त्या इथेही सांगतो.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट जीवाची. जलाशय म्हणजे नदीचा घाट नव्हे आणि पोहण्याचा तलावही नव्हे. खाली बुडालेली दरी आहे. दोन पावलांवर गुडघाभर पाणी असते आणि तिसऱ्या पावलावर तळ नसतो. काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की खाली जातो. खाली बुडालेली झाडे, विहिरी, भिंती आहेत. धरणाच्या पुढे नदीपात्रात बसलात तर विसर्ग वाढवला की पाणी बघता बघता चढते, म्हणून भोंगा ऐकू आला की सामान गोळा करत बसू नये, आधी माणसे वर न्यावीत. दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बुडालेल्या तरुण मुलांच्या बातम्या येतात. त्यांतले बहुतेक पोहणारेच असतात. एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघे जातात. मुलांना आधीच शिकवा: कोणी बुडत असेल तर उडी मारायची नाही, ओढणी, दोरी, लांब काठी, रिकामा कॅन, जे हाती असेल ते फेकायचे आणि ओरडून माणसे बोलवायची. आणि पाण्याकडे पाठ करून सेल्फी नको.

दुसरी गोष्ट दस्तरखानाची. आपले जेवण चवीचे असते आणि खरकटेही भरपूर असते. हाडे, कागदी ताटे, प्लास्टिकचे चमचे, थंड पेयांच्या बाटल्या, सगळे पिशवीत भरून परत आणावे. भांडी आणि हात काठावर साबणाने धुऊ नयेत. तेच पाणी पुढे कुणाच्या माठात जाणार आहे. वुजूसाठी घरून बाटलीत पाणी नेले तरी चालते, आणि काठावर वुजू केला तरी जेवढे लागेल तेवढेच पाणी घ्यावे. वाहत्या नदीवरही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण तर आपल्या घरातलीच आहे.

तिसरी गोष्ट यजमानांची. काठावरच्या वाडीतून कोणी मासे, करवंदे, जांभळे, तांदूळ विकायला बसले असेल तर त्यांच्याकडून घ्यावे आणि भाव करताना हात जरा सैल सोडावा. त्यांच्या शेतातून वाट काढू नये. बायका पाणी भरत असतील तिथे मोबाइल काढून फोटो घेऊ नयेत. आपल्या घरातल्या बायकांचा फोटो कोणी न विचारता काढला तर आपल्याला कसे वाटेल, तेवढेच मनाला विचारावे.

चौथी गोष्ट मुलांसाठी. निघण्याआधी त्यांना नकाशा दाखवा. धरण शोधायला सांगा, मग कालवा शोधायला सांगा, मग कालव्याचे शेवटचे गाव. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला सांगा की धरणाआधी इथे काय होते. आमच्या वर्गाने हा उपक्रम केला तेव्हा अनेक घरांतून अशा गोष्टी आल्या ज्या आम्हाला ठाऊक नव्हत्या. कुणाचे दादा धरणाच्या कामावर खडी फोडायला होते. कुणाच्या घरी आंबेगावच्या बाजारातून घेतलेला पितळेचा तांब्या निघाला. एका मुलाने वहीत लिहिले होते की आमच्या आजोबांचे शेत पाण्यात आहे आणि ते अजून त्याला "आपले शेत" म्हणतात.

ज्या मुलीने आंबेगाव कुठे आहे असे विचारले होते, ती आता बारावीला आहे. तिला आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले त्यात आता थोडी भर घालू. आंबेगाव पाण्याखाली आहे, आणि आंबेगाव काठावरच्या वाड्यांत आहे, पूर्वेच्या पुनर्वसनाच्या गावांत आहे, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आहे. येत्या सुट्टीत डिंभ्यावर किंवा माणिकडोहवर गेलात तर एखाद्या वयस्कर माणसाला सलाम-नमस्कार करून विचारा, "बाबा, तुमचे गाव कोणते?" ते हाताने पाण्याकडे दाखवतील. मग घाई न करता पाच मिनिटे ऐकून घ्या.